दुपारी तीनलाच पोचा: जपानी रयोकानबद्दल तुमचे प्रश्न

प्रवासाच्या पानासाठी या वेळी जे प्रश्न आले त्यात जपानमधल्या रयोकानबद्दलचे, म्हणजे तिथल्या पारंपरिक मुक्कामाच्या घरांबद्दलचे, इतके होते की बाकी सगळं बाजूला ठेवून आख्खं पान त्यालाच दिलंय. बऱ्याच जणांचा बेत सारखाच दिसतोय, टोकियो, क्योटो, ओसाका फिरायचं आणि मध्ये एक रात्र ओनसेनच्या गावात, गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावात काढायची. बेत फार सुंदर आहे. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

प्रश्न: क्योटोत बरं हॉटेल दोघांना मिळून १५ हजार येनला मिळतंय आणि रयोकान एका रात्रीचे ४४ हजार दाखवतंय. नवरा म्हणतो झोपायलाच तर जायचंय, एवढे पैसे कशाला? खरंच वर्थ आहे का?

झोपायलाच जाणार असाल तर अजिबात नाही, हॉटेलच घ्या. पण रयोकानात आपण खोलीचे पैसे देत नाही, आख्ख्या संध्याकाळचे देतो, आणि हे एकदा लक्षात आलं की बाकीचे बरेच प्रश्न आपोआप सुटतात. भाडं बहुतेक ठिकाणी खोलीवर नसतं, माणशी असतं आणि त्यात रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता धरलेला असतो. साधारण १५ ते ३० हजार येन माणशी हा मधला भाव, त्याच्या वर तर काही मर्यादाच नाही. म्हणजे तुमचे ४४ हजार हे दोघांचं राहणं, दहा-बारा छोट्या पदार्थांचं जेवण, नाश्ता आणि मनात येईल तेव्हा गरम पाण्याच्या हौदात अंघोळ, एवढ्या सगळ्याचे आहेत.

आता ती संध्याकाळ कशी जाते ते सांगते. चेक-इन बहुतेक ठिकाणी दुपारी ३ ला. दारात बूट काढायचे, खोलीत गेलं की तातामीवर, म्हणजे गवताच्या विणलेल्या चटयांवर, एक बुटकं टेबल असतं आणि चहा आणि काहीतरी गोड ठेवलेलं असतं. ते खाऊन घ्या, नुसतं स्वागताचं नसतं ते, रिकाम्या पोटी गरम पाण्यात उतरू नये हाही त्यामागचा विचार असतो. मग युकाता घालायचा, तो सुती झगा खोलीतच ठेवलेला असतो, आणि जेवणाआधी एकदा पाण्यात जाऊन यायचं. जेवण ६ किंवा फार तर ७ ला. तुम्ही जेवत असता तेवढ्यात कोणीतरी येऊन टेबल बाजूला करून गाद्या घालून जातं, सगळीकडे नाही, काही ठिकाणी आता दुपारपासूनच घातलेल्या असतात. झोपायच्या आधी परत पाण्यात, सकाळी उठून परत पाण्यात, ८ च्या आसपास नाश्ता आणि १० ला चेक-आउट.

यात तुम्ही दिवसभर क्योटो फिरून रात्री ८ ला पोचलात तर काय उरलं सांगा. जेवणसुद्धा मिळणार नाही कदाचित, कारण बऱ्याच रयोकानांत जेवण हवं असेल तर संध्याकाळी ६ च्या आत पोचावं लागतं, स्वयंपाक तुमच्या येण्याच्या वेळेवर बेतलेला असतो. म्हणून माझं सगळ्यांना एकच सांगणं, त्या दिवशी सकाळी फार तर एक देऊळ बघा, ट्रेन पकडा आणि ३ ला दारात उभे राहा. नवऱ्यालाही हेच सांगा.

प्रश्न: नक्की कुठल्या गावात जावं? यादी बघून डोकं फिरलंय. हाकोने, कुसात्सू, किनोसाकी, बेप्पू, गिंझान, सगळेच फोटो भारी दिसतात.

फोटोवर जाऊ नका, रस्त्यावर कुठलं पडतं ते बघा. टोकियोतून एकच रात्र काढायची असेल तर हाकोने, शिंजुकूहून रोमान्सकार नावाची ट्रेन साधारण दीड तासात हाकोने-युमोतोला पोचवते. पण हाकोने हे एक गाव नाही, डोंगरभर पसरलेला भाग आहे, आणि रयोकान आतल्या बाजूला असेल तर पुढे डोंगरातली छोटी ट्रेन किंवा बस आलीच, तो वेळ धरा. पाण्याचीच आवड असेल तर कुसात्सू. तिथलं पाणी एवढं आम्लयुक्त की पीएच २ च्या जवळपास जातो आणि उगमाशी इतकं कढत की गावाच्या मधोमध लाकडी पन्हळींतून फिरवून थंड करतात, साधं पाणी मिसळून ते पातळ करायचं नाही म्हणून हा खटाटोप. गिंझान बर्फात खरंच अप्रतिम आहे पण ते उत्तरेला यामागाता प्रांतात, रयोकान मोजकी आणि हिवाळ्यातलं बुकिंग फार आधी संपतं. बेप्पू तर क्यूशू बेटावर, त्यासाठी वेगळा बेत करा.

पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी मात्र किनोसाकी सांगते. क्योटोहून थेट एक्सप्रेस आहे, अडीच तासांच्या आसपास, आणि स्टेशनातून बाहेर पडलात की गावातच. मधून ओतानी नदी, म्हणजे ओढ्याएवढीच, दोन्ही काठांना विलोची झाडं, छोटे दगडी पूल, आणि गावात सात सार्वजनिक स्नानगृहं. तुम्ही कुठल्याही रयोकानात उतरा, सातही ठिकाणांचा पास तुम्हाला मिळतो. गावातले लोक म्हणतात की सगळं गाव मिळून एकच रयोकान आहे, स्टेशन हे दार, रस्ते म्हणजे व्हरांडे आणि प्रत्येक रयोकान म्हणजे एकेक खोली. संध्याकाळी सगळे पाहुणे युकाता घालून, लाकडी चपला वाजवत एका स्नानगृहातून दुसऱ्यात जात असतात. नवख्या माणसाला यात फार धीर येतो, कारण आजूबाजूला सगळेच तसे असतात, आपण वेगळे दिसत नाही.

रयोकानाच्या आतलं स्नानगृह तिथे छोटं असतं म्हणून नाराज होऊ नका. रयोकानांनी स्वतःचे मोठे हौद बांधावेत की नाही यावरून त्या गावात कोर्टापर्यंत गेलेला मोठा वाद झाला, १९५० मध्ये तडजोड झाली आणि आतले हौद लहानच ठेवायचे, लोकांनी बाहेर पडून गावात यायचं, असं ठरलं. आज तो रस्ता संध्याकाळी भरलेला दिसतो तो त्यामुळे. स्नानगृहं आठवड्यातून एकेक दिवस बंद असतात, प्रत्येकाचा वार वेगळा, जायच्या आधी तेवढं बघून घ्या. आणि सकाळी लवकर उठत असाल तर दार उघडायच्या आधी जाऊन उभे राहा, त्या दिवशी पहिल्या येणाऱ्याला लाकडी बिल्ला देतात, गावात त्याची चांगलीच चुरस असते.

प्रश्न: मोकळेपणानं विचारते. सगळ्यांसमोर कपडे काढून अंघोळ, हे मला आयुष्यात जमणार नाही. स्विमसूट चालतो का? आणि नुसतं रयोकानात राहून पाण्यात नाही गेलं तर?

बहुतेक प्रश्न हाच होता, त्यामुळे संकोच करू नका. स्विमसूट चालत नाही, काही मोजकी मोठी वॉटर पार्कसारखी ठिकाणं सोडली तर. कारण स्वच्छतेचं आहे, त्या पाण्यात काहीच न्यायचं नाही, कपडा नाही, साबण नाही, हातातला छोटा टॉवेलसुद्धा नाही. तो घडी करून डोक्यावर ठेवतात किंवा काठावर.

पण दोन गोष्टी ऐका. एक म्हणजे बायकांचं आणि पुरुषांचं वेगळं असतं. दारावर पडदा असतो, बहुतेक वेळा बायकांचा लाल आणि पुरुषांचा निळा, तरी रंगावर विसंबू नका, 女 हे चिन्ह बायकांचं आणि 男 हे पुरुषांचं, एवढी दोन पाठ करून जा. कारण बऱ्याच रयोकानांत रात्रीतून दोन्ही बाजूंची अदलाबदल करतात, सगळ्यांना दोन्ही हौद मिळावेत म्हणून, तेव्हा काल रात्री जिथे गेलात तीच बाजू सकाळी तुमची असेलच असं नाही. दुसरं म्हणजे कोणी कोणाकडे बघत नाही. हे मी समजूत घालायला म्हणत नाहीये. आजी, नात, ऑफिसातल्या मैत्रिणी, सगळ्या आपापल्या नादात असतात आणि पहिली पाच मिनिटं गेली की लाज कुठे गेली ते कळतही नाही.

तरीही नको असेल तर नको, त्यात कमीपणा काही नाही. खासगी हौद मिळतो, त्याला काशिकिरी म्हणतात, ४५ मिनिटं किंवा तासभर तुमच्या कुटुंबापुरता, कुठे फुकट, कुठे २-३ हजार येन. नवरा-बायकोला एकत्र जायचं असेल तरी हाच मार्ग. काही खोल्यांना स्वतःचा उघड्यावरचा हौदही असतो, त्या महाग पडतात. बुक करतानाच विचारा, तिथे पोचून विचारलं तर संध्याकाळच्या चांगल्या वेळा गेलेल्या असतात.

आत गेल्यावर क्रम असा. कपडे टोपलीत ठेवायचे, केस वर बांधायचे, मग नळापाशी बुटक्या स्टुलावर बसून साबणाने नीट, अगदी नीट अंघोळ करायची. उभं राहून शॉवर घ्यायचा नाही, शेजारणीवर शिंतोडे उडतात. स्टूल धुऊन ठेवायचं आणि मग पाण्यात. पाणी साधारण ४० ते ४२ अंश असतं, पहिल्यांदा खूप कढत वाटतं, म्हणून आधी पायांवर, मग खांद्यावर थोडं ओतून घ्यायचं. पोहायचं नाही, डोकं बुडवायचं नाही, फोन आत न्यायचा नाही. बाहेर येताना टॉवेलने अंग टिपून मगच कपड्यांच्या खोलीत पाय टाकायचा. नियम एवढेच, आणि ते पाळलेत तर तुम्ही परदेशी आहात याचं कोणाला काही पडलेलं नसतं.

प्रश्न: माझ्या दंडावर छोटा टॅटू आहे. प्रवेश नाकारतात म्हणे?

नाकारू शकतात. जपानमध्ये टॅटूचा संबंध बरीच वर्षं याकुझा या गुन्हेगारी टोळ्यांशी लावला गेलाय, म्हणून अजून अनेक ठिकाणी पाटी असते. पण सरसकट बंदी नाही, ज्याच्या त्याच्या नियमावर आहे. किनोसाकीच्या सार्वजनिक स्नानगृहांत टॅटू चालतो, तेही एक कारण आहे मी ते गाव सुचवण्याचं. बाकी ठिकाणी छोटा टॅटू अंगाच्या रंगाच्या पट्टीने झाकला तर चालतो का ते आधी विचारा, नाहीतर खासगी हौद घ्या.

यालाच जोडून न विचारलेलं एक सांगते. लग्नानंतर लगेच जाणार असाल तर हातापायावरची मेंदी टॅटू वाटू शकते, रिसेप्शनवर फोटो दाखवून आधीच सांगून टाका की ही काही दिवसांत जाते. आणि पायातली जोडवी, पैंजण, चांदीचं जे काय असेल ते सगळं खोलीत काढून ठेवा. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते, कुसात्सूत तर हमखास आणि हाकोनेतही जिथे गंधकाचं पाणी असेल तिथे.

प्रश्न: आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत, घरात अंडंही नाही. रयोकानात व्हेज मील सांगितलं की झालं ना?

नाही झालं. हे सगळ्यात नीट वाचा.

जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी नावाचं पाणी आहे आणि ते बहुतेक वेळा कात्सुओबुशीचं, म्हणजे बोनिटो मासा वाळवून, धुरी देऊन, किसून केलेल्या पापुद्र्यांचं असतं. मिसो सूप, शिजवलेल्या भाज्या, टेम्पुरा या तळलेल्या भज्यांसोबतची आमटी, सोबा नूडल्सचं बुडवायचं पाणी, सगळ्यात तेच. त्यामुळे तुम्ही व्हेज म्हणालात आणि त्यांनी मासा काढून फक्त भाजी दिली तरी ती भाजी माशाच्या पाण्यात शिजलेली असू शकते, आणि यात फसवण्याचा हेतू नसतो, त्यांच्या लेखी त्या ताटात मासा नसतो. म्हणून नुसतं व्हेज म्हणू नका. काय चालत नाही ते एकेक लिहा, मांस, मासे, कोळंबी-खेकडे, अंडं, आणि कात्सुओचं दाशीसुद्धा नाही. आणि काय चालतं तेही लिहा, कोम्बू नावाच्या समुद्री वनस्पतीचं किंवा शिताके मशरूमचं दाशी चालेल, टोफू चालेल, भात चालेल. दारू वर्ज्य असेल तर मिरीन आणि साके स्वयंपाकात वापरतात, तेही लिहा. हे सगळं जपानीत भाषांतर करून बुकिंग करतानाच पाठवा आणि हो असं उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नका.

कारण रयोकानचं जेवण त्या मोसमातलं, त्या भागातलं, आधीपासून ठरवलेलं असतं. किनोसाकीत नोव्हेंबर ते मार्च खेकड्याचा मोसम, लोक लांबून फक्त त्यासाठी येतात, भावही चढतात. अशा वेळी स्वयंपाकघराला तुमच्यासाठी वेगळं आख्खं जेवण रचायला लावणं हे मोठं काम आहे. काही रयोकान ते फार मनापासून करतात, काही सरळ जमणार नाही म्हणतात, आणि मला विचाराल तर नाही म्हणणारे प्रामाणिक असतात, त्यांच्यावर रागावू नका, दुसरं शोधा. जेवण न घेता नुसतं राहायचा किंवा फक्त नाश्त्याचा दरही बऱ्याच ठिकाणी मिळतो. पण लहान गावात रात्री आठनंतर फारसं काही उघडं नसतं आणि शाकाहारी तर त्याहून कमी, तेव्हा ती सोय पोचायच्या आधी करा.

अगदी कडक पाळणाऱ्यांना मी कोयासानला जा म्हणते. ओनसेनचं गाव नाही ते, वाकायामा प्रांतातला डोंगर आहे, कुकाई या भिक्षूने नवव्या शतकात तिथे मठ स्थापन केला. आज पन्नासेक देवळांत राहायची सोय आहे आणि तिथलं जेवण मुळातच शोजिन रयोरी, म्हणजे मठातलं शाकाहारी. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही परंपरेने वर्ज्य, दाशी कोम्बूचं. तातामीची खोली, फुटॉन म्हणजे जमिनीवर घालायची गादी, युकाता, अंघोळीचा मोठा सामायिक हौद, सगळं रयोकानसारखंच, वर सकाळची प्रार्थना. जैन वाचकांनी मात्र कंदमुळांचं वेगळं कळवावं लागेल, मुळा, गाजर, कमळाचं मूळ हे त्या जेवणात भरपूर असतं.

प्रश्न: सोबत सासूबाई आहेत, वय ७२, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. त्यांना झेपेल का?

झेपेल, पण रयोकान त्यांच्याकडे बघून निवडा. वाशित्सू म्हणजे पूर्ण तातामीची खोली, त्यात जमिनीवरून उठबस करावी लागते. वायोशित्सू मागा, त्यात तातामीही असते आणि पलंगही. जेवायला खुर्ची-टेबल हवं असं कळवा, बरेच जण आता ठेवतात. लिफ्ट आहे का, हौदाला धरायला दांडा आहे का, तेही विचारा, जुन्या लाकडी घरांत जिने उभे असतात.

पाण्याचं म्हणाल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, हे टाळू नका. त्यांनी हो म्हटलं तर ४२ अंशांच्या वरचा हौद नको, एका वेळी पाच मिनिटं पुरे, छातीपर्यंतच बसायचं, आणि बाहेर येताना हळू उठायचं, एकदम उभं राहिलं की चक्कर येते. आधी आणि नंतर पाणी प्यायचं. जेवून लगेच किंवा दारू घेऊन कोणीच जाऊ नये. हिवाळ्यात थंड खोलीतून एकदम कढत पाण्यात जाणं वयस्कर माणसांना सगळ्यात धोक्याचं, म्हणून अंगावर कोमट ओतून घेणं त्यांनी चुकवू नये. आणि त्यांना एकटं पाठवू नका, तुम्ही सोबत जा. पाण्यात नाही उतरल्या तरी आशियू असतात, रस्त्याकडेला फक्त पाय सोडून बसायचे हौद, बहुतेक फुकट, आणि दुखऱ्या गुडघ्यांना तेवढ्यानंही फार बरं वाटतं.

प्रश्न: मुलगा ८ वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची. मुलगा आईसोबत बायकांच्या बाजूला चालेल?

मुलाला बाबांसोबत पाठवा. साधारण ७ वर्षांपासून मुलांनी आपापल्याच बाजूला जावं अशी तिथल्या सरकारची मार्गदर्शक सूचना आहे. मुलगी अजून डायपरमध्ये असेल तर सामायिक हौदात नेता येत नाही, खासगी हौद घ्या. मुलांचं भाडं जेवण आणि गादी घेता की नाही त्यावर ठरतं, वयं खरी लिहा.

प्रश्न: टिप किती द्यायची? आणि युकाता, चपला वगैरेत काही चुकलं तर अपमान होतो का?

टिप नाही, सेवेचे पैसे भाड्यात असतात. अपमान वगैरे कोणी मानत नाही, पण काही गोष्टी कळून केल्या की बरं वाटतं. युकाताची डावी बाजू उजवीच्या वर यायला हवी, उलट फक्त मृताला नेसवतात, त्यामुळे ही एक चूक मात्र कोणीतरी येऊन दुरुस्त करेलच. तातामीवर स्लीपर घालून जायचं नाही. संडासात वेगळ्या स्लीपर असतात, त्या तिथेच सोडून यायच्या. खोलीत भिंतीत एक कोनाडा असतो, त्यात चित्र आणि एखादं फूल, तिथे बॅगा ठेवायच्या नाहीत, आणि चाकांची बॅग तातामीवर ओढायची नाही.

खरं तर मोठी बॅग नेऊच नका. जपानमध्ये सामान पुढच्या हॉटेलला पाठवायची ताक्क्यूबिन नावाची सेवा आहे, हॉटेलच्या काउंटरवरून देता येतं आणि साधारण दुसऱ्या दिवशी पोचतं. क्योटोतून निघताना बॅग पुढच्या शहरात पाठवा आणि एका रात्रीचे कपडे पाठीवर घेऊन जा. युकाता, टॉवेल, साबण, शाम्पू, ब्रश, सगळं रयोकानात मिळतं. निघताना बिलात माणशी साधारण १५० येन जास्त दिसले तर तो अंघोळीचा कर आहे, तो बहुतेक भाड्यात धरलेला नसतो आणि कुठे कुठे रोखच घेतात, तेवढी सुट्टी नाणी जवळ ठेवा.